अकरा टप्पे

2016 सालातल्या दोन रात्री मी मनात नेहमी शेजारी शेजारी ठेवतो. पहिली 13 एप्रिलची. लॉस एंजेलिसमध्ये कोबी ब्रायंट वीस वर्षांच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळत होता. युटा जॅझविरुद्ध त्याने 42 मिनिटांत 60 गुण केले आणि त्यासाठी 50 शॉट मारले. दुसरी रात्र 5 डिसेंबरची, ओकलंडची. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने इंडियाना पेसर्सविरुद्ध बरोबर तेवढेच, 60 गुण केले. त्याला 29 मिनिटं लागली आणि 33 शॉट. मध्यंतरालाच त्याचे 40 झाले होते. चौथ्या क्वार्टरमध्ये तो मैदानात उतरलाच नाही, कारण सामना केव्हाच खिशात होता. वॉरियर्स 142–106 असे जिंकले.

कोबीच्या रात्रीवर भरभरून लिहिलं गेलं आणि ते व्हायलाच हवं होतं. थकलेल्या पायांनी, दुखऱ्या खांद्याने एका माणसाने पिछाडीवर पडलेला सामना एकट्याच्या बळावर ओढून आणला. पण आक्रमणाचं कौशल्य म्हणजे नेमकं काय असं मला कुणी विचारलं, तर मी दुसऱ्या रात्रीकडे बोट दाखवीन. बास्केटबॉलवर प्रेम करणाऱ्या माझ्या बऱ्याच मित्रांना हे पटत नाही. त्यांच्या मते थॉम्पसनने केलं ते सोपं होतं, कोबीने केलं ते अवघड. वाद इथेच आहे, आणि तो नुसत्या आवडीनिवडीचा नाही.

त्या काळी एनबीएच्या प्रत्येक मैदानाच्या छताशी सहा कॅमेरे बसवलेले असत. सेकंदाला 25 वेळा ते चेंडूची आणि दहाही खेळाडूंची जागा टिपत. त्या रात्रीची त्यांची नोंद अशी की 60 गुण करताना थॉम्पसनने चेंडूचा टप्पा जमिनीवर टाकला तो फक्त 11 वेळा, आणि चेंडू त्याच्या हातात होता जेमतेम 90 सेकंद. एखादा गार्ड चेंडू आपल्या बाजूकडून पलीकडे नेतो तेव्हा एका खेपेतच सात-आठ टप्पे पडतात. या माणसाने 21 बास्केट केल्या, त्यांतल्या आठ तीन गुणांच्या, वर दहा फ्री थ्रो. आणि टप्पे अकरा.

आता साधा हिशोब करू. 29 मिनिटांतली निम्मी बचावात गेली असं धरलं, तरी आक्रमणाची चौदा-साडेचौदा मिनिटं उरतात. त्यांतली दीड मिनिटं चेंडू त्याच्याकडे होता. म्हणजे जवळपास तेरा मिनिटं हा माणूस आक्रमण करत होता, पण रिकाम्या हातांनी. मला जे म्हणायचं आहे ते या तेरा मिनिटांबद्दल आहे.

आपला डोळा चेंडूमागे धावतो. त्यात आपली चूक नाही. हलणारी वस्तू पाहायची हा डोळ्याचा धर्मच आहे. पण त्यामुळे आपल्याला बास्केट पडताना दिसते आणि ती कशी पडली ते दिसत नाही. थॉम्पसनचा सामना पाहायचा तर चेंडू विसरावा लागतो. मी तसं करायला शिकलो ते फार उशिरा, आणि शिकलो तेव्हा इतकी वर्षं आपण निम्माच खेळ पाहत होतो हे लक्षात येऊन खरंच वाईट वाटलं.

त्याची एक नेहमीची चाल बघा. तो बेसलाइनजवळ, जवळजवळ रिंगखाली उभा आहे. बचाव करणाऱ्याने त्याच्या जर्सीची कड मुठीत धरली आहे. पलीकडे चेंडू दुसऱ्याकडे आहे, तिथे काहीतरी चाललंय. थॉम्पसन सावकाश दोन पावलं कोपऱ्याकडे टाकतो, खेळातून मन काढून घेतल्यासारखा. पाठलाग करणाऱ्याचे खांदे किंचित सैल पडतात. तेवढ्यात वरच्या अंगाला संघातला एक धिप्पाड गडी येऊन भिंतीसारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. थॉम्पसन एकदम वळतो आणि त्या गड्याच्या कमरेला आपला खांदा घासत निघतो, इतका चिकटून की दोघांच्या मधून तळहात जायचा नाही. मागून येणाऱ्याला मग भिंतीला वळसा घालावा लागतो. त्या वळशात दीड-दोन पावलं जातात. थॉम्पसनला हवी असतात ती तेवढीच.

पण यातला खरा क्षण वेगळाच आहे. स्क्रीनच्या खांद्याशी पोचताना तो पाठलाग करणाऱ्याचं शरीर वाचतो. तो अगदी मागे चिकटून येत असेल, तर थॉम्पसन आतल्या बाजूला वळून रिंगकडे शिरतो. त्याने शहाणपणा करून स्क्रीनच्या अलीकडून आडवाट धरली, तर थॉम्पसन तिथल्या तिथे थबकून उलट कोपऱ्याकडे सरकतो. दुसराच कुणी मदतीला पुढे आला, तर स्क्रीन लावणारा गडी मोकळा सुटतो आणि पास त्याच्याकडे जातो. हे सगळं पळता पळता, चेंडू अजून वीस फुटांवर असताना ठरतं. शिवाय पास देणाऱ्यानेही तेच वाचलेलं असावं लागतं, कारण चेंडू सोडायचा तो थॉम्पसन जिथे आहे तिथे नव्हे, तर तो जिथे असणार आहे तिथे.

मग चेंडू येतो. येत असतानाच थॉम्पसन एक बारीक उडी घेतो आणि दोन्ही पाय एकदम टेकतो. गुडघे आधीच वाकलेले, कमर रिंगकडे वळलेली, तळवे उघडे. चेंडू छातीशी लागतो न लागतो तोच बोटं शिवणीवर बसतात आणि सगळं अंग एका ओळीत वर जातं. बचाव करणाऱ्याचा हात वर होतो तेव्हा चेंडू सुटलेला असतो. खो-खो खेळलेल्या माणसाला हे चटकन कळेल. पाठीवर खो बसला की काय करायचं याचा विचार करायला सवड नसते. तो विचार चौकोनात बसल्या बसल्या झालेला असतो, पाय त्या बेताने ठेवलेले असतात. थॉम्पसनच्या हातात चेंडू येतो तेव्हा त्याचं काम संपत आलेलं असतं.

म्हणून त्याला 'उभ्या उभ्या शॉट मारणारा' म्हणतात तेव्हा मला राग येतो. तो क्वचितच उभा असतो. तीन गुणांची रेषा मधोमध रिंगपासून 23 फूट 9 इंचांवर आहे. रिंगचा व्यास 18 इंच, चेंडूचा साधारण साडेनऊ. इतक्या लांबून इतक्या बेताच्या फटीत चेंडू टाकायचा तर हात शांत हवा, आणि तीन-तीन स्क्रीनभोवती धावून आल्यावर श्वास फुललेला असताना हात शांत ठेवणं ही फार मोठी गोष्ट आहे. ही परंपराही जुनी आहे. रेजी मिलर असाच खेळायचा, अख्खी अठरा वर्षं, आणि तीही पेसर्सकडूनच. थॉम्पसनने 60 गुण केले ते मिलरच्या संघाविरुद्ध, मिलरच्याच विद्येने. डेट्रॉइटचा रिचर्ड हॅमिल्टन, रे अॅलन हेही त्याच घराण्यातले.

त्या भिंतीसारख्या गड्यांबद्दल बोललंच पाहिजे. झाझा पचूलिया, ड्रेमंड ग्रीन ही माणसं प्रत्येक सामन्यात कितीतरी वेळा कुणाच्या तरी वाटेत अंग घालून उभी राहायची. पूर्ण वेगात येणारा माणूस छातीवर घ्यायचा, जागचं हलायचं नाही, हललं की फाऊल. मग वळून रिबाउंडला जायचं. गुणपत्रकावर पास देणाऱ्याच्या नावापुढे असिस्ट लागते, शॉट मारणाऱ्यापुढे गुण लागतात. धक्का खाणाऱ्यासाठी त्या कागदावर कितीतरी वर्षं रकानाच नव्हता. थॉम्पसनचे 60 गुण म्हणताना त्यात या छातीवरच्या धक्क्यांचाही वाटा आहे. याने त्याचं मोठेपण कमी होतं असं मला वाटत नाही. ज्याच्यासाठी धक्के खावेत असं सोबत्यांना वाटतं, त्याच्यात काहीतरी असतं. थॉम्पसन दुसऱ्यांसाठीही स्क्रीन लावायचा, समोरच्या संघातला सर्वांत जड गार्ड बहुतेक वेळा बचावात तोच अंगावर घ्यायचा, आणि शॉट मिळाला नाही म्हणून तोंड फिरवून बसायचा नाही.

इथे थोडं मागे जातो, कारण मुद्द्याचं मूळ तिथे आहे. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण केंद्रात जेम्स नायस्मिथने हा खेळ रचला. बाहेर बर्फ, आत कंटाळलेली तरुण मुलं. त्यांना दालनात खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. त्याने पीच फळांच्या टोपल्या वर ठोकल्या आणि 13 नियम लिहिले. त्यांतला एक असा की चेंडू घेऊन धावायचं नाही, जिथे झेलला तिथूनच टाकायचा. त्या तेरा नियमांत ड्रिबल हा शब्दच नाही. चेंडू हाती असलेला माणूस जागेला खिळलेला, आणि ज्याच्याकडे चेंडू नाही तो मोकळा, अशी या खेळाची मूळ कल्पना आहे. अंगाला अंग भिडून मारामारी होऊ नये म्हणून नायस्मिथने ती काढली. पुढे कोंडीत सापडलेल्या खेळाडूंनी चेंडू स्वतःच जमिनीवर आपटून पुन्हा झेलण्याची युक्ती शोधली आणि त्यातून ड्रिबल आलं. ते सुंदर आहे, खेळ त्याने समृद्ध झाला हे मी मान्य करतो. पण ती कोंडीतून सुटण्याची वाट होती. अकरा टप्प्यांत 60 गुण करणारा माणूस नायस्मिथच्या दालनात गेला असता, तर काही नवं शिकावं लागलं नसतं त्याला.

आता मित्रांचा आक्षेप घेतो. 'शेजारी स्टीफन करी आणि केविन ड्युरंट यांच्यासारखे सोबती असताना कुणीही मोकळा सुटेल,' असं ते म्हणतात. हे निम्मं खरं आहे. करी अर्ध्या मैदानापाशी उभा असला तरी एक माणूस त्याला सोडत नाही, दुसऱ्याची नजर त्याच्यावर असते. त्या ओढाताणीत जागा तयार होतात. पण तयार झालेली जागा सगळ्यांनाच मिळत होती. त्याच संघात, त्याच करीबरोबर कितीतरी चांगले नेमबाज खेळले. 29 मिनिटांत 60 दुसऱ्या कुणाचे झाले नाहीत. शिवाय ड्युरंट यायच्या आधी, 23 जानेवारी 2015 ला, याच थॉम्पसनने सॅक्रमेंटो किंग्सविरुद्ध एका क्वार्टरमध्ये 37 गुण केले होते. 13 पैकी 13 शॉट, त्यांत तीन गुणांचे नऊपैकी नऊ, आणि दोन फ्री थ्रो. एका क्वार्टरच्या बारा मिनिटांत माणूस एकदाही चुकला नाही. याला सोबत्यांची पुण्याई म्हणून कसं सोडून देता येईल?

आक्षेपाचा दुसरा भाग जास्त वजनदार आहे. कोबीने 22 जानेवारी 2006 ला टोरांटो रॅप्टर्सविरुद्ध 81 गुण केले. मध्यंतराला त्याचा संघ, लेकर्स, 14 गुणांनी मागे होता. त्याने दुसऱ्या अर्ध्यात 55 गुण काढले आणि सामना 122–104 असा फिरवला. दोन-दोन माणसं अंगावर असताना, टप्पा टाकत, पाय अडकवत, हवेत मागे झुकत मारलेले ते शॉट. थॉम्पसनला असे शॉट सहसा मारावेच लागत नाहीत. मग अवघड कोणतं? कोबीचं, निःसंशय. पण अवघड आणि श्रेष्ठ या दोन गोष्टी एक नाहीत. घरात कमावता हात एकच असला की तो रात्रंदिवस राबतो. त्या राबण्याला हात जोडावेत. पण घर असंच चालावं असं कुणी म्हणत नाही. कोबीला त्या संघात दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्याने अशक्य ते करून दाखवलं. थॉम्पसनच्या रात्री अशक्य काही नव्हतंच. जो शॉट त्याने घेतला तो घेण्याजोगा होता, कारण शॉटच्या आधीची वीस सेकंदं अडचण दूर करण्यात गेली होती. अडचण शॉटमध्ये पेलणं हे एक कौशल्य. ती शॉटपर्यंत पोचूच न देणं हे दुसरं. लोकांना पहिलं दिसतं.

विल्ट चेंबरलेनचं उदाहरण तर सगळ्यांत बोलकं आहे. 2 मार्च 1962 ला, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध 100 गुण केले. तोही वॉरियर्सचाच, तेव्हा ते फिलाडेल्फियाला होते. 63 शॉट, 32 फ्री थ्रो. शेवटी शेवटी सगळं मैदान त्या आकड्याच्या मागे लागलं. निक्स विल्टला चेंडू मिळू नये म्हणून इतरांना फाऊल करत सुटले, आणि वॉरियर्स चेंडू परत मिळावा म्हणून निक्सना. विल्टच्या ताकदीबद्दल मला अपार आदर आहे, एरवी फ्री थ्रोमध्ये कच्चा असलेल्या या माणसाने त्या रात्री 32 पैकी 28 टाकले. पण तिथे खेळ आकड्याच्या सेवेला लागला. ओकलंडला प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी 60 गुणांवरच्या माणसाला खाली बसवलं आणि कुणी कुरकुर केली नाही. चौथा क्वार्टर खेळला असता तर आकडा कुठवर गेला असता, हा प्रश्न मला फारसा पडत नाही. त्या आकड्यासाठी खेळ वाकडा करावा लागला नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

कर यांचं श्रेय इथे नोंदवलं पाहिजे. 2014 मध्ये ते आले तेव्हा हा संघ लीगमध्ये सर्वांत कमी पास देणाऱ्यांपैकी होता. खेळाडू जवळपास तेच, पण चेंडू एकाच्या हातात घुटमळत राहायचा. कर यांनी पास वाढवण्याचा आग्रह धरला, चेंडू दिल्यावर जागेवर थांबू नका म्हणून सांगितलं. पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, ते विजेते होते. थॉम्पसन घडला तो या हवेत. त्याचे वडील मायकल थॉम्पसन लेकर्सच्या 1987 आणि 1988 च्या विजेत्या संघांत होते. मुलगा कोबीला दैवत मानत वाढला. आणि तरीही स्वतः खेळायला उभा राहिला तो कोबीच्या नेमक्या उलट रीतीने. मला यात मोठं धैर्य दिसतं. आपल्या दैवताची नक्कल न करता आपल्या हातापायांना साजेसं काय आहे ते ओळखणं सोपं नसतं, विशेषतः जेव्हा सगळ्या जगाला ती नक्कलच हवी असते.

या खेळाची किंमतही आहे, ती झाकायची नाही. चेंडूविना खेळणारा दुसऱ्यांवर अवलंबून असतो. पास आला नाही, स्क्रीन ढिली पडली, तर तो दहा-पंधरा मिनिटं धावून कोरडाच राहतो. अशा रात्री थॉम्पसनच्या वाट्याला पुष्कळ आल्या. त्या सोसायची तयारी असल्याशिवाय ही रीत अंगीकारता येत नाही. आणि खरोखर निभावायची वेळ आली तेव्हा त्याला टप्पा टाकता येत नव्हता असंही नाही. 28 मे 2016 ला ओक्लाहोमा सिटीमध्ये हरलो तर घरी जायचं अशा सामन्यात त्याने तीन गुणांचे 11 शॉट टाकून 41 गुण केले, त्यांतले काही अगदी अंगावर हात असताना.

माझ्या या सगळ्या आग्रहाचं कारण अमेरिकेत नाही. वायएमसीएच्या वाटेनेच हा खेळ आपल्याकडे आला. मुंबईच्या नागपाड्यात पिढ्यानपिढ्या मुलं त्यावर वाढली, नागपुरात सिमेंटच्या कोर्टांवर आम्ही वाढलो. आज त्याच कोर्टांवर संध्याकाळी गेलं की दहा मुलं आणि दहा चेंडू दिसतात. पायांमधून, पाठीमागून, डावा-उजवा, टप्प्यांचा नुसता पाऊस. मोबाइलवर तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये जे दिसतं ते मुलं शिकतात, आणि क्लिप सुरू होते चेंडू हातात आल्यावर. तेरा मिनिटं कापून टाकलेली असतात. ज्याच्याकडे चेंडू नाही तो मुलगा कमरेवर हात ठेवून उभा राहतो, माझी पाळी कधी येते म्हणून. हे पाहून जीव तुटतो. त्याची पाळी चालूच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आमचे सर मात्र सांगायचे. आठवड्यातून एकदा ते टप्प्याला बंदी घालायचे. चेंडू झेलायचा, द्यायचा किंवा मारायचा. जमिनीला लागला की समोरच्यांचा. गेल्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा ते, वय झालं तरी, तोच डाव नव्या मुलांकडून खेळून घेत होते. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ, सगळी मुलं चेंडूभोवती मधमाश्यांसारखी. मग एक किडकिडीत मुलगा, ज्याला तोवर एकही पास मिळाला नव्हता, हळूच घोळक्यातून मागे सरला, बेसलाइनच्या कडेने निघाला आणि कोपऱ्यात एकटा जाऊन थांबला. गुडघे वाकवून, तळवे उघडे ठेवून. दोन पासनंतर चेंडू त्याच्याकडे आला. त्याने मारला, रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर आला. मुलं हसली. त्याने सरांकडे पाहिलं.

"बरोबर होतं रे," सर म्हणाले. "परत तिथेच जा."